गोदावरीच्या मुखाशी चार आणे

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणारा रस्ता शहराची दाटी मागे टाकून चितेगावापाशी येतो, तेव्हा तेथे व्हिडिओकॉनच्या कारखान्याचे ते विस्तीर्ण आवार लागते, ज्याच्या आश्रयाने ऐंशीच्या दशकापासून पुढे या शहरातील आणि आसपासच्या खेड्यांतील हजारो कुटुंबांचे संसार उभे राहिले. कंपनीच्या दप्तरी नोंदलेला पत्ताही या रस्त्याच्याच मापाने सांगितलेला : औरंगाबाद–पैठण रस्ता, चौदाव्या किलोमीटरचा दगड, चितेगाव, तालुका पैठण. घरोघरी रंगीत चित्रवाणी पोहोचवणारी कंपनी म्हणून तिची ख्याती देशभर पसरली. परंतु याच पत्त्यावर बंगालच्या उपसागरातील एका तेलक्षेत्राचा चार आणे हिस्सा पाव शतकाहून अधिक काळ नोंदलेला आहे, ही गोष्ट शहरातील फार थोड्यांनी मनावर घेतली. कारखान्यातून बाहेर पडणारा संच डोळ्यांना दिसतो, त्याची गाडी भरताना दिसते. समुद्रातील हिस्सा दिसतो तो केवळ कागदावर. आणि जी वस्तू केवळ कागदावर दिसते, तिचा कागद कोण लिहितो, कसा लिहितो आणि तो तपासण्याचा अधिकार कोणाला असतो, हा प्रश्न मला त्या वस्तूइतकाच महत्त्वाचा वाटतो. प्रस्तुत लेख त्या कागदाविषयी आहे. म्हणजेच तेल आणि वायूच्या भागीदारीचा हिशेब ठेवणाऱ्या संगणक-प्रणालींविषयी, आणि त्या हिशेबावर ज्यांचे हक्क अवलंबून असतात त्या हिस्सेदारांविषयी.

त्या तेलक्षेत्राचे नाव रव्वा. पैठणला नाथसागरात विसावणारी गोदावरी पुढे नांदेड ओलांडून तेलंगणात आणि आंध्रात शिरते, राजमहेंद्रीच्या खाली अनेक फाट्यांनी पसरते आणि कोनसीमेच्या नारळीबागांतून समुद्राला मिळते. तेथेच, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, हे क्षेत्र आहे. गोदावरी आणि कृष्णा या दोन नद्यांनी लक्षावधी वर्षे वाहून आणलेल्या गाळाचे थर तेथे समुद्रतळाखाली साचले, आणि मध्य मायोसीन काळातील वालुकाश्मांत तेल व वायू अडकून राहिले. सरकारी तेलकंपनी ओएनजीसीने १९८७ साली हे साठे शोधले. उदारीकरणानंतरच्या वर्षांत सरकारने सापडलेली क्षेत्रे खाजगी भागीदारांसह विकसित करण्याचे धोरण स्वीकारले आणि २८ ऑक्टोबर १९९४ रोजी रव्व्याचा उत्पादन-वाटणी करार झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या समुद्रातील पन्ना-मुक्ता आणि ताप्ती या क्षेत्रांचे करार झाले, ज्यांत ओएनजीसी, रिलायन्स आणि एन्रॉनची तेलकंपनी असे तिघे होते. रव्व्यात चौघे होते : ओएनजीसीकडे ४० टक्के, व्हिडिओकॉनकडे २५, ऑस्ट्रेलियाच्या कमांड पेट्रोलियमकडे साडेबावीस आणि सिंगापुरात नोंदलेल्या रव्वा ऑइल कंपनीकडे साडेबारा. क्षेत्र प्रत्यक्ष चालवण्याची जबाबदारी, ज्याला या धंद्यात ऑपरेटर म्हणतात, ती कमांडकडे होती. १९९६ मध्ये केर्न या तेलकंपनीने कमांड विकत घेतली, २०११ मध्ये केर्न इंडिया वेदांत समूहाच्या ताब्यात गेली, आणि ऑपरेटरचे नाव दोनदा बदलले तरी आकडे मात्र जागचे हलले नाहीत. व्हिडिओकॉनच्या बाजूनेही प्रथम व्हिडिओकॉन पेट्रोलियम, मग पेट्रोकॉन इंडिया आणि शेवटी व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज अशी नावे पालटली, परंतु पंचवीसचे पंचवीसच राहिले.

ज्याच्या घरी जमीनजुमला आहे अशा मराठवाड्यातील वाचकाला ही व्यवस्था परकी वाटू नये. भावाभावांच्या वाटणीत जमीन तुटते, विहीर तुटत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर ती सामाईक म्हणून राहते, एकाचे सहा आणे, दोघांचे चार-चार, चौथ्याचे दोन, आणि पाण्याची पाळी पूर्वी मोटेच्या दिवसांवर तर आता पंपाच्या तासांवर ठरते. पण पाण्याच्या पाळीवरून जेवढी भांडणे होत नाहीत तेवढी गाळ काढण्याच्या, खोदकाम वाढवण्याच्या आणि पंप बदलण्याच्या खर्चावरून होतात, कारण खर्च एक जण करतो आणि बाकीच्यांकडे हिस्सेरशीने मागतो. आणि ज्याने खर्च केला त्याच्याजवळ पावत्या असतात, इतरांजवळ फक्त संशय. रव्व्याच्या विहिरी समुद्रात आहेत, खर्च डॉलरांत आहे, आणि एका हिस्सेदाराचे दप्तर तेथून शेकडो कोस दूर, डोंगरपठारावर आहे. तंट्याचे मूळ मात्र तेच.

या मुळाशी जाण्यासाठी करारांची रचना थोडी समजून घ्यावी लागते, आणि ती दुहेरी आहे. वरचा करार सरकारशी असतो. त्यानुसार तेलातून प्रथम हिस्सेदारांनी केलेला मान्य खर्च वळता करून घ्यायचा, ज्याला खर्चाचे तेल म्हणतात. उरलेले ते नफ्याचे तेल, आणि त्यातला सरकारचा वाटा हिस्सेदारांना मिळालेल्या परताव्याच्या दराप्रमाणे पायरीपायरीने वाढत जायचा. रव्व्यात ही पायरी करपश्चात परताव्याच्या दरावर बेतलेली आहे. म्हणजे आज एका विहिरीवर झालेला खर्च मान्य झाला की नाही, यावर केवळ आजची वसुलीच नव्हे, तर पुढे अनेक वर्षे सरकार आणि हिस्सेदार यांच्यामधील वाटणीचे प्रमाणही ठरते. खालचा करार हिस्सेदारांचा आपसातला असतो : वार्षिक कामाचा आराखडा आणि अंदाजपत्रक कोणी मांडायचे, कोणत्या समितीने मंजूर करायचे, मोठ्या खर्चाला आगाऊ संमती कशी घ्यायची, एखाद्याने आपला भरणा चुकवला तर त्याचे तेल कोणी उचलायचे. कराराला जोडलेले 'हिशेबाच्या पद्धती'चे परिशिष्ट बहुतेक जण वाचत नाहीत. परंतु माझ्या मते संपूर्ण दस्तऐवजाचा प्राण तेथेच असतो, कारण कोणता खर्च सामाईक खात्यावर टाकता येतो आणि कोणता ऑपरेटरने स्वतःच्या पदरचा सोसायचा, हे तेथे ठरलेले असते.

अमेरिकेत ही विद्या जुनी आहे. टेक्सास-ओक्लाहोमातील एकेका विहिरीत पाच-पन्नास हिस्सेदार असण्याची वहिवाट पडल्यामुळे तेथे १९५६ साली आपसातील कराराचा नमुना छापला गेला आणि १९६१ साली तेलकंपन्यांच्या हिशेबनिसांच्या संस्थांनी एकत्र येऊन 'कोपास' नावाची परिषद स्थापली, जी सामाईक खर्चाचे नियम आजही घालून देते. प्रारंभी सारे हातानेच होई. ऑपरेटरचे कारकून महिनाअखेर प्रत्येक विहिरीचा खर्च मांडत, प्रत्येक हिस्सेदाराच्या अपूर्णांकाने तो गुणत, आणि टपालाने बिले रवाना करत. हिस्सा सव्वासहा टक्के असेल तर ठीक. परंतु वारसाहक्काने तुटत गेलेले हिस्से दशांश चिन्हानंतर आठ-आठ स्थळांपर्यंत जात, आणि ते तसे लिहिणे आजही त्या देशात रूढ आहे. अशा कामासाठी गणकयंत्र आले तेव्हा तेलकंपन्या त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी असाव्यात यात नवल नव्हते.

आज जगभरातील मोठ्या तेलकंपन्यांत ज्या प्रणालीचे नाव ऐकू येते ती सॅप. जर्मनीतील पाच अभियंत्यांनी १९७२ साली स्थापलेल्या या कंपनीने कारखान्यांच्या हिशेबापासून सुरुवात केली आणि पुढे तेलउद्योगासाठी 'जॉइंट व्हेंचर अकाउंटिंग' हा स्वतंत्र विभाग सिद्ध केला, ज्याला तेथे काम करणारे नुसते 'जेव्हीए' म्हणतात. ओएनजीसीने या शतकाच्या प्रारंभी 'आइस' या नावाच्या प्रकल्पातून आपला सारा कारभार सॅपवर आणला, आणि पुण्यातील संगणक-कंपन्यांत बसून ह्यूस्टन किंवा आखाती देशांतील तेलकंपन्यांची ही प्रणाली चालवणारे मराठी तरुण आज काही थोडे नाहीत. त्यांच्या कामाची महती आपल्या नियतकालिकांत क्वचितच येते. म्हणून तिचे अंतरंग जरा विस्ताराने सांगतो.

प्रणालीत प्रत्येक भागीदारीची स्वतंत्र नोंद असते, आणि तिच्याखाली हिस्सेदारांच्या टक्केवारीचा एक तक्ता, ज्याला इक्विटी ग्रुप म्हणतात. हा तक्ता मुदतीने बांधलेला असतो : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हे हिस्सेदार, हे आकडे. कोणी आपला हिस्सा विकला तर जुना तक्ता पुसायचा नाही. नवा तक्ता पुढच्या तारखेपासून लागू करायचा, कारण विक्रीपूर्वीच्या महिन्याचे एखादे बिल वर्षभराने आले तर ते जुन्या मालकाच्याच खाती पडले पाहिजे. जुन्या महसुली दप्तरातील फेरफाराच्या नोंदीमागे जी दृष्टी होती तीच येथे आहे, आणि मला या सबंध रचनेत सर्वांत आदरणीय वाटणारा भाग तोच आहे : भूतकाळ न पुसता वर्तमानाची नोंद करणे. मग ऑपरेटर महिनाभर खर्च करतो : ड्रिलिंग रिगचे भाडे, हेलिकॉप्टरचे फेरे, सिमेंट, पोलादी नळ्या, अभियंत्यांचे पगार, आणि तो सारा खर्च आपल्या वहीत सोळा आणे, पूर्णच्या पूर्ण, लिहितो. लिहिताना प्रत्येक रकमेवर एक खूण घालावी लागते, जिला रिकव्हरी इंडिकेटर म्हणतात. ही रक्कम हिस्सेदारांकडून वसूल करण्याजोगी आहे की ऑपरेटरच्या एकट्याच्या अंगावरची, हे त्या दोन अक्षरांच्या खुणेत ठरते. एवढ्याशा खुणेपाशी केवढे सामर्थ्य एकवटलेले असते याची कल्पना, ती दिवसातून शंभर वेळा घालणाऱ्या कारकुनालाही नेहमी असतेच असे नाही.

महिना संपला की 'कटबॅक' चालवतात. हा शब्द या धंद्यात इतका रुळला आहे की ह्यूस्टनपासून मुंबईपर्यंत महिनाअखेरीची तारीख त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्या एका प्रक्रियेत प्रणाली वसुलीयोग्य खर्चाची प्रत्येक ओळ उचलते, तिला लागू असलेला तक्ता शोधते, हिस्सेदारांच्या प्रमाणात तिचे तुकडे करते, आपला तुकडा ऑपरेटरच्या खर्चात ठेवते आणि इतरांचे तुकडे त्यांच्या नावे येणे म्हणून लावते. हिस्सेदारांकडून आधीच मागवलेली रक्कम त्यांतून वजा होते. ही आगाऊ मागणी म्हणजे 'कॅश कॉल' : पुढच्या महिन्यात अंदाजे इतका खर्च होणार, तेव्हा आपापला हिस्सा अमुक तारखेपर्यंत भरावा, असा तगादा. ज्या खर्चासाठी समितीची स्वतंत्र संमती लागते त्याचे मंजुरीपत्र, ज्याला 'एएफई' म्हणतात, त्याची मर्यादाही प्रणालीत बांधलेली असते, आणि खर्च तिच्यापलीकडे जाऊ लागला की इशारा उमटतो. शेवटी प्रत्येकाला मासिक पत्रक जाते : एकूण खर्च, त्यातला आपला, भरलेली तसलमात, उरलेली बाकी.

आता हे पत्रक चितेगावच्या पत्त्यावर पोहोचले आहे अशी कल्पना करावी. ज्याचा हिस्सा आहे पण जो क्षेत्र चालवत नाही, त्याला नॉन-ऑपरेटर म्हणतात; आणि त्याच्या दृष्टीने समुद्रातील साऱ्या घडामोडी या पत्रकात सामावलेल्या असतात. त्याने पत्रक आपल्या वहीच्या खात्यांत उतरवायचे, आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे घसारा व कर मोजायचा, आणि शंका असल्यास करारात दिलेल्या मुदतीत, जी बहुधा दोन वर्षांची असते, ऑपरेटरच्या दप्तराची तपासणी मागायची. मुदत उलटली की हिशेब मान्य झाला असे धरले जाते. म्हणून या प्रणालींचे खरे मोल मी ऑपरेटरच्या सोयीवरून करत नाही. वाटणीचा गुणाकार यंत्राने करणे ही आता कठीण गोष्ट राहिलेली नाही. चार आण्यांच्या हिस्सेदाराला एका आकड्यावर बोट ठेवून, त्याच्यामागचे बिल, त्यामागचे मंजुरीपत्र आणि त्यामागचा समितीचा ठराव इथपर्यंत किती पावलांत पोहोचता येते, ही माझ्या दृष्टीने प्रणालीची खरी कसोटी होय. बहुतेक प्रणाली ऑपरेटरच्या मेजावरून कल्पिलेल्या आहेत, आणि ज्याला पत्रक मिळते त्याच्या बाजूची हत्यारे त्या मानाने दुबळी राहिली आहेत. ही उणीव गंभीर आहे, कारण भारतासारख्या देशातील कंपन्या परदेशी क्षेत्रांत बहुधा नॉन-ऑपरेटर म्हणूनच प्रवेश करतात, आणि आपल्याकडील सरकार तर प्रत्येक उत्पादन-वाटणी करारात, हिस्सा नसलेला परंतु खर्चाच्या प्रत्येक ओळीशी संबंध असलेला पक्ष असते.

रव्व्याच्या इतिहासाने हे फार महाग किमतीत दाखवून दिले. खर्चवसुली आणि नफा यांच्या आकड्यांविषयी सरकार व हिस्सेदार यांच्यात तंटा उपस्थित झाला आणि तो करारातील कलमाप्रमाणे क्वालालंपूर येथे लवादापुढे गेला. २००३ च्या वसंतात सार्स या रोगाची साथ पूर्व आशियात पसरली, त्यामुळे लवादाला आपली बैठक प्रथम ॲम्स्टरडॅमला आणि मग लंडनला न्यावी लागली. ३१ मार्च २००५ रोजी अंशतः निवाडा झाला. आणि तेव्हा असा प्रश्न निघाला की, लवादाचे कायदेशीर स्थान साथीबरोबर लंडनला हलले की क्वालालंपूरलाच राहिले? कारण निवाड्याविरुद्ध दाद कोणत्या देशाच्या न्यायालयात मागायची, हे त्यावर अवलंबून होते. हा वाद 'व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज विरुद्ध भारत सरकार' या नावाने आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ११ मे २०११ रोजी न्यायालयाने सांगितले की, करारात बदल करायचा तर सर्व पक्षांच्या सह्यांचा लेखी दस्तऐवज हवा; बैठकीची जागा सोयीसाठी बदलली म्हणून लवादाचे स्थान बदलत नाही; आणि लवादाच्या कराराला इंग्लंडचा कायदा लागू असल्यामुळे दिल्ली उच्च न्यायालयाला यात हात घालता येणार नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही हा निकाल अभ्यासाला असतो. पैठण रस्त्यावरील एका कंपनीचे नाव त्याच्या माथ्यावर आहे, हे मात्र आपल्याच शहरात फारसे कोणाला ठाऊक नसते.

दुसरा तंटा आणखी बोलका आहे. रव्व्याच्या पायाभूत विकासखर्चाला करारात मर्यादा घातलेली होती : सुमारे १९ कोटी डॉलर, आणि विशिष्ट परिस्थितीत त्यावर फार तर पाच टक्के. पुढे क्षेत्र अपेक्षेहून मोठे निघाले. मूळ अंदाजाच्या दुपटीहून अधिक तेल त्यातून निघाले, आणि त्यासाठी मूळ आराखड्यात नसलेली कामे करावी लागली. हिस्सेदारांचे म्हणणे असे की, हा खर्च मर्यादेच्या बाहेरचा असून तो तेलातून वळता करून घेण्याचा आम्हांला अधिकार आहे. सरकारचे म्हणणे असे की, मर्यादा म्हणजे मर्यादा. १८ जानेवारी २०११ रोजी लवादाने हिस्सेदारांना सुमारे २८ कोटी डॉलरांची वसुली मान्य केली. सरकार मलेशियाच्या न्यायालयांत गेले, तेथे पायरीपायरीने हरले. मग अंमलबजावणीचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात आला, तेथे फेब्रुवारी २०२० मध्ये हिस्सेदारांच्या बाजूने निकाल लागला, आणि १६ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. शतकाच्या प्रारंभी झालेल्या खर्चाचे खाते मिटायला अशी सुमारे वीस वर्षे लागली.

या प्रकरणाचा विचार करताना मला एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. पायाभूत खर्चाची मर्यादा प्रणालीत बांधणे अवघड नाही. विशिष्ट खुणेच्या रकमांची बेरीज ठरावीक आकड्यापाशी आली की वसुली थांबवावी, एवढा आदेश तिला देता येतो. परंतु अमुक विहीर 'पायाभूत' म्हणायची की 'नंतरची', हे प्रणाली ठरवू शकत नाही. ते ठरवणारा माणूस असतो, तो बहुधा ऑपरेटरचा माणूस असतो, आणि त्याने तो निर्णय करारातील एका वाक्याच्या अर्थावरून घेतलेला असतो. त्या क्षणी त्याने खुणेबरोबर आपले कारणही नोंदवले, आणि इतर हिस्सेदारांनी व सरकारी प्रतिनिधीने ते कारण त्याच वर्षी वाचले, तर वाद वर्षाच्या आत समितीच्या मेजावर येतो. कारण न नोंदवता नुसती खूण घातली गेली, तर तोच वाद दहा-पंधरा वर्षांनी तिसऱ्या देशात वकिलांच्या तोंडून बोलतो, आणि तोवर खूण घालणारा, ती मंजूर करणारा आणि तिच्यावर हरकत घेणारा असे तिघेही निवृत्त झालेले असतात.

सरकारलाही या तंट्यांचा उबग आला होता. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ साली उत्पादन-वाटणी करारांच्या परीक्षणाचा अहवाल दिल्यावर, खर्च फुगवण्याकडे या पद्धतीचा कल आहे, ही टीका सार्वजनिक झाली. २०१२ मध्ये डॉ. रंगराजन यांच्या समितीने खर्चवसुलीच सोडून द्यावी आणि सरकारने सरळ महसुलात वाटा घ्यावा अशी शिफारस केली. पेट्रोलियम खात्याचे सचिव राहिलेल्या डॉ. विजय केळकरांच्या समितीने उलट मत दिले, कारण खोल समुद्रात जोखीम घेणाऱ्याला खर्च परत मिळण्याचा भरवसा नसेल तर तो येणारच नाही. मार्च २०१६ मध्ये सरकारने महसूल-वाटणीचा मार्ग पत्करला. दोन्ही मतांना वजन आहे. तथापि केळकरांच्या मताकडे माझा ओढा अधिक आहे, कारण हिशेब तपासणे अवघड जाते म्हणून हिशेबच नको, असे म्हणण्यात राज्यसंस्थेची एक क्षमता आपण सोडून देतो. शिवाय नव्या पद्धतीत सरकार खर्चाच्या प्रश्नातून बाजूला झाले तरी हिस्सेदार आपसांत खर्च वाटतातच, तेव्हा महिनाअखेरीचा कटबॅक कोठेही गेलेला नाही.

व्हिडिओकॉनने रव्व्यावरच थांबायचे ठरवले नव्हते. २००८ च्या सुमारास मोझांबिकच्या किनाऱ्यापुढील रोवुमा खोऱ्यात तिने १० टक्के हिस्सा घेतला, आणि दोनच वर्षांत तेथे वायूचे प्रचंड साठे सापडले. ब्राझीलमध्ये भारत पेट्रोलियमच्या कंपनीबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत कांपोस आणि सर्जिपे खोऱ्यांतील क्षेत्रांत तिने प्रवेश केला. मोझांबिकचा हिस्सा जानेवारी २०१४ मध्ये ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडिया यांनी सुमारे २४७ कोटी डॉलरांना विकत घेतला. म्हणजे प्रणालीच्या भाषेत, एका तारखेस जुन्या तक्त्याची मुदत संपली आणि नव्या तक्त्यात १०चे ६ आणि ४ झाले. या साऱ्या ठिकाणी तिची भूमिका नॉन-ऑपरेटरचीच होती : पत्रक घ्यायचे, भरणा करायचा, आणि शंका वेळेत विचारायची.

पुढची हकिगत शहराला माहीत आहे आणि तिची जखम अजून ओली आहे. जून २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. चितेगावची उत्पादनशाळा थंडावली, कामगार घरी बसले, आणि ज्यांनी विश्वासाने शेअर घेतले होते अशा मध्यमवर्गीय घरांच्या हाती कागद उरले. जून २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या आराखड्यात सुमारे ६५ हजार कोटींच्या मान्य दाव्यांपुढे सुमारे २,९६२ कोटी रुपये देऊ केलेले होते, आणि खुद्द न्यायाधिकरणानेच त्या प्रमाणाविषयी आश्चर्य नोंदवले. आराखडा मांडणारी कंपनी वेदांत समूहातील होती, जो रव्व्याचा ऑपरेटर आहे. आणि व्हिडिओकॉनचे २५ त्याच्या साडेबावीसला जोडले गेले तर हिस्सा साडेसत्तेचाळीसवर जाईल, हे त्या वेळी अनेक जाणकारांनी दाखवून दिले होते. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. या व्यवहाराच्या न्यायान्यायाचा निर्णय न्यायसंस्थांनी करावा. मला येथे एवढेच म्हणायचे आहे की, घरोघरी दिसलेल्या यंत्रांचा कारखाना बंद पडला असता, ज्या मालमत्तेवर मोठ्या धन्यांची नजर होती ती नदीच्या मुखाशी असलेली, या शहराने कधी न पाहिलेली चतुर्थांश वस्तू होती. आणि तिचे मोल ठरवण्यास लागणारे ज्ञान, म्हणजे साठ्यांचा अंदाज, उरलेल्या कराराची मुदत, येणे असलेला लवादाचा पैसा, भरायच्या राहिलेल्या कॅश कॉलांची थकबाकी, हे सारे मासिक पत्रकांच्या आणि तशाच इतर कागदांच्या चळतीत होते.

म्हणून मला असे कळकळीने वाटते की, ज्या शहरात १९५८ पासून विद्यापीठ आहे, ज्याच्या वाणिज्य शाखेतून दरवर्षी मोठ्या संख्येने पदवीधर बाहेर पडतात, आणि ज्याच्या बिडकीन व शेंद्रा येथील नव्या औद्योगिक नगरात परदेशी भागीदारांचे कारखाने उभे राहत आहेत, तेथे भागीदारीच्या हिशेबाचे हे शास्त्र शिकवले गेले पाहिजे. बी.कॉम.च्या पुस्तकात संयुक्त उपक्रमाच्या खात्यांवर एक प्रकरण असते, त्यात दोन व्यापारी कापसाच्या गाठी विकतात आणि नफा वाटून घेतात. ते प्रकरण वाईट नाही, परंतु त्यात कॅश कॉल नाही, आक्षेपाची मुदत नाही, भरणा चुकवणाऱ्या हिस्सेदाराचे काय करायचे याचा विचार नाही, आणि परिशिष्टातील एका वाक्याने कोट्यवधी डॉलर इकडचे तिकडे होतात याची जाणीव तर मुळीच नाही. रव्व्याचे दोन निकाल, त्यांतील आकडे आणि कलमे, हे सर्व सार्वजनिक आहे. ते विद्यार्थ्यांपुढे ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

रव्व्याच्या कराराची मूळ पंचवीस वर्षे ऑक्टोबर २०१९ मध्ये संपली आणि त्याला दहा वर्षांची वाढ मिळाली. म्हणजे तो २०२९ पर्यंत चालेल. क्षेत्र उताराला लागलेले आहे, आणि वृद्ध तेलक्षेत्राचा शेवटचा मोठा खर्च तेल काढण्याचा नसून विहिरी बंद करण्याचा, फलाट उतरवण्याचा आणि समुद्रतळ स्वच्छ करण्याचा असतो. मुंबईच्या समुद्रातील ताप्तीत देशातील अशा प्रकारचे पहिले मोठे काम झाले, आणि त्याचा खर्च कोणी किती सोसायचा हा तेथेही मोठ्या चर्चेचा विषय होता. यासाठी उत्पादन चालू असतानाच पैसा बाजूला काढून ठेवण्याची तजवीज १९९९ च्या स्थळ-पुनःस्थापन निधी योजनेत केलेली आहे, आणि प्रत्येक हिस्सेदाराने आपल्या प्रमाणात त्यात भर घालायची असते. भरणा चुकवणाऱ्याचा बोजा आपसातील करारांत सामान्यतः इतरांवर पडतो, आणि इतर तो त्याच्या तेलातून वसूल करतात. परंतु तेलच संपत आले असेल तर वसूल कशातून करायचे? रव्व्याच्या त्या निधीतला चौथा हिस्सा ज्या नावावर आहे ते नाव जून २०१८ पासून दिवाळखोरीच्या दप्तरात आहे, तेव्हा ही रक्कम कर्जदात्यांच्या दाव्यांआधी बाजूला राहावी की त्यांच्याबरोबर ओळीत उभी राहावी, हे २०२९ उजाडण्यापूर्वी लेखी ठरवून घेणे सरकार, ऑपरेटर आणि त्या चार आण्यांचा जो कोणी धनी असेल तो, या तिघांनाही टाळता येणार नाही.